सबवूफरचा अ‍ॅम्प्लिफायर वारंवार बंद पडतो? या चुका टाळा

गाडीतला सबवूफर, म्हणजे बेसचा खोल आवाज काढणारा स्पीकर, व्यवस्थित वाजत असताना मध्येच गप्प होतो, अ‍ॅम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा जाऊन तांबडा लागतो आणि थोड्या वेळाने सारे आपोआप पूर्ववत होते, ही तक्रार उन्हाळा लागला की मराठवाड्यात हमखास ऐकू येते. अशा वेळी अ‍ॅम्प गेला असे ठरवून नवा आणणे ही सर्वांत महागडी चूक आहे. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. व्होल्टेज खाली आले, आतले तापमान वाढले, स्पीकरच्या बाजूने प्रमाणाबाहेर करंट ओढला गेला किंवा कुठे शॉर्ट झाले, की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. मूळ कारण गाडीत तसेच राहिले, तर नवा अ‍ॅम्पही त्याच जागी तसाच बंद पडेल.

म्हणून पाना हातात घेण्याआधी तो नेमका केव्हा बंद पडतो, याकडे लक्ष द्यावे. बेसच्या जोरदार ठोक्याला आवाज तुटत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल, तर उष्णतेवर. चालू करताक्षणी तांबडा दिवा लागत असेल, तर शॉर्टवर. आणि खड्ड्यात गाडी आदळली की बंद पडत असेल, तर लूज कनेक्शनवर. तांबडा दिवा न लागता सगळेच दिवे विझत असतील, तर अ‍ॅम्पपर्यंत वीज किंवा रिमोट वायरचा (स्टिरिओकडून चालू होण्याचा इशारा आणणाऱ्या वायरचा) सिग्नलच पोहोचत नाही, असे समजावे.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्याच्या, जोडणीकडे. डिकीतला गालिचा उचलून पाहिले, तर पुष्कळ गाड्यांत काळी वायर रंग लावलेल्या पत्र्यावर एखाद्या स्क्रूने कशीबशी दाबलेली दिसते आणि थिंबलभोवती (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीभोवती) काळपट डाग पडलेला असतो. रंग हा वीज अडवणारा थर आहे. स्क्रूच्या आट्यांपुरताच धातूचा स्पर्श होत असल्याने तेवढीच जागा तापते, गंजते आणि जोडणी दिवसेंदिवस आणखी कमजोर होते. या जोडणीत केवळ ०.०५ ओहम रोध असला आणि अ‍ॅम्पने ३० अँपिअर करंट ओढला, तरी तिथेच १.५ व्होल्ट वाया जातात. बॅटरीचे व्होल्टेज आधीच १२ च्या आसपास उतरलेले असेल, तर अ‍ॅम्पच्या हाती साडेदहा व्होल्टच उरतात, आणि अनेक अ‍ॅम्प्लिफायर १० व्होल्टच्या आसपास कट मारतात.

हा दोष मीटरच्या ओहम रेंजवर शोधण्याची चूक करू नये. मीटर अगदी क्षीण करंटवर रोध मोजतो, त्यामुळे कमजोर जोडणीही त्याला निर्दोष दिसते. त्याऐवजी मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरे लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हवर लावावे, आणि बेस असलेले गाणे मोठ्या आवाजात वाजवून आकडा पाहावा. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला, तर पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, थिंबल वायरवर नीट क्रिंप करून (दाबून बसवून), स्टार वॉशर लावून बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून गंजरोधक लेप द्यावा. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्यतो दीड फुटाच्या आत असावी. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी कधीही वापरू नये. तो जीव वाचवण्यासाठी आहे.

हीच चाचणी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपर्यंतही करावी. स्वस्त किटमधील वायर बाहेरून तांब्याची दिसली, तरी तिची तार ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची आहे आणि तेवढ्याच जाडीच्या तांब्याइतका करंट ती वाहू शकत नाही. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज बसवणे किंवा त्या जागी तार गुंडाळणे हे सरळसरळ आगीला आमंत्रण आहे, कारण बॅटरीजवळचा फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो, अ‍ॅम्पच्या नव्हे.

बॅटरीचे व्होल्टेज गाडी काही तास बंद राहिल्यावर १२.६ आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ असावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी लवकर आटते, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटर टाकता येणारी बॅटरी असेल, तर तिची पातळी वरचेवर पाहावी. लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीत इंजिन बंद ठेवून तासन्‌तास सबवूफर वाजवला, तर अ‍ॅम्प बंद पडणे अटळ आहे. कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग) लावून ही कमतरता भरून निघत नाही.

स्पीकरच्या बाजूची मोठी चूक ओहमच्या हिशोबात होते. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल (स्पीकरमधील तारेची वेटोळी) असलेला सबवूफर पॅरलल जोडला तर २ ओहम आणि सिरीज जोडला तर ८ ओहम होतो. टू-चॅनेल अ‍ॅम्प ब्रिज केल्यावर (दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवल्यावर) बहुधा ४ ओहमपेक्षा कमी भार सोसत नाही. त्यावर २ ओहम लादले, तर प्रत्येक चॅनेलला १ ओहमच दिसतो. म्हणून अ‍ॅम्पचे माहितीपत्रक पाहून, वायरी अ‍ॅम्पपासून सोडवून रोध मोजावा. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवते, आकडा त्याहून बराच कमी असेल, तर कॉइल जळालेली असण्याची शक्यता आहे. टर्मिनलबाहेर आलेली एखादी बारीक तार शेजारच्या तारेला टेकत नाही ना, हेही निरखून पाहावे.

एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, जालन्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून त्याहून कितीतरी अधिक तापते. त्यातच अ‍ॅम्प सीटखाली गालिच्यात रुतवला किंवा सबवूफरच्या पेटीवर उलटा लटकवला, तर त्याची उष्णता जायला वाटच राहत नाही. क्लास एबी प्रकारचा अ‍ॅम्प घेतलेल्या विजेचा जवळपास निम्मा भाग उष्णतेत घालवतो, त्यामुळे आपल्या हवामानात मी कमी तापणाऱ्या क्लास डी प्रकारालाच पसंती देईन. अ‍ॅम्पभोवती दोन-तीन इंच जागा मोकळी सोडावी आणि पंखा असल्यास जाळीत बसलेली धूळ ब्रशने काढावी.

गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवून घेण्याचे बटण) म्हणजे आवाजाचे बटण समजून तो पूर्ण फिरवणे हीसुद्धा सर्रास होणारी चूक आहे. गेन अति झाला की लहरींची टोके कापली जातात, सबवूफर आणि अ‍ॅम्प दोन्ही तापतात. अ‍ॅम्प ३०० वॅटचा आणि सबवूफर ४ ओहमचा असेल, तर सबवूफर सोडवून, बेस बूस्ट बंद करून, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून ५० हर्ट्झचा टोन वाजवावा आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटवर सुमारे ३४.६ एसी व्होल्ट येतील इतकाच गेन ठेवावा.

अ‍ॅम्प रेडिओवर चालतो पण ब्लूटूथ लावताच बंद पडतो, असे होत असेल, तर रिमोट वायर तपासावी. अनेक स्टिरिओंत निळी वायर अँटेनासाठी असते आणि तिच्यात रेडिओ चालू असतानाच १२ व्होल्ट येतात. अ‍ॅम्पसाठीची वायर निळी-पांढरी असते.

एवढे करूनही तांबडा दिवा जात नसेल, तर स्पीकरच्या वायरी आणि आरसीए केबल (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणारी) दोन्ही काढून फक्त पॉझिटिव्ह, अर्थ आणि रिमोट ठेवून अ‍ॅम्प चालू करावा. दिवा हिरवा झाला, तर एकेक वायर परत जोडत दोष कुठे आहे ते पाहावे. व्होल्टेज बरोबर असूनही दिवा तांबडाच राहिला, तर आतला मॉसफेट (करंट हाताळणारा ट्रान्झिस्टर) जळालेला असण्याची शक्यता दाट आहे. मग अ‍ॅम्प दुरुस्तीला देताना कोणकोणत्या चाचण्या केल्या आणि कोणते आकडे मिळाले, ते कागदावर लिहून कारागिराच्या हाती द्यावेत.