वेझलेला जाण्याआधी : आधी डबा, मग बाकीचं

यंदा जूनमध्ये सासू-सासऱ्यांना फ्रान्समधलं वेझले दाखवायचं ठरलंय, म्हणून ही यादी. मागच्या खेपेला आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा यादी कागदावर नव्हती, डोक्यात होती, आणि डोक्यातून नेमकी एक गोष्ट निसटली. बाबांना तिचा फार त्रास झाला. तसा तो कुणालाच होऊ नये.

पासपोर्ट, विमा, चार्जर तुम्ही घ्यालच.

आधी दिवस ठरवा. वेझले हे बरगंडीतलं टेकडीवरचं जेमतेम चारेकशे वस्तीचं गाव. एवढ्या लहान गावात आठवड्याच्या सुट्ट्या फार जाणवतात. सोमवारी बरीच उपाहारगृहं बंद असतात, पाववाल्याची सुट्टी आणखी वेगळ्या वारी, आणि रविवारी गाड्या कमी. शक्यतो बुधवार ते शनिवार यांतलाच दिवस धरा. राहायची खोली आणि जेवायची जागा दोन्हीकडे आदल्या आठवड्यात फोन करून विचारा. नेटवरच्या वेळांवर विसंबू नका.

आता डबा. पोळी-भाजी, दशम्या, ठेपले, काहीही चालेल, पण घरून निघतानाच सोबत घ्या. तिथे पोचल्यावर बघू, असं म्हणू नका. फ्रान्समधल्या लहान गावांत दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन मिळतं. शेवटची ऑर्डर दीडच्या सुमारास घेतात, दोनला चूल विझते, ती पुन्हा पेटते संध्याकाळी सातला. दुकानंही दुपारी दार लावून घेतात. पॅरिसमध्ये दिवसभर कुठे ना कुठे काहीतरी खायला मिळतं, त्यामुळे हे आमच्या लक्षातच आलं नाही.

आणि वेझलेत नेमकी हीच वेळ आडवी येते. संत मेरी मॅग्डलीनच्या बॅसिलिकेत, म्हणजे इथल्या मोठ्या जुन्या चर्चमध्ये, २१ जूनच्या आसपास भर माध्यान्ही दक्षिणेच्या उंच खिडक्यांतून ऊन आत येतं आणि त्याचे कवडसे सभामंडपाच्या बरोबर मधोमध, फरशीवर एका ओळीत पडतात. दारापासून गाभाऱ्यापर्यंत उजेडाची पायवाट तयार होते. बाराव्या शतकातल्या बांधणाऱ्यांनी साधलेली ही गोष्ट जन्मात एकदा तरी पाहावी. पण माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ सूर्याच्या जवळजवळ दोन तास पुढे असतं, त्यामुळे वेझलेत सूर्य माथ्यावर येतो तो पावणेदोनच्या सुमारास. आम्ही बारालाच जाऊन उभे राहिलो, कवडसे सरकत मधोमध येईपर्यंत हललो नाही, आणि बाहेर पडलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालेलं. बाबांनी मधुमेहाची जेवणाआधीची गोळी दीड वाजताच घेतली होती, कारण ‘आता जेवायलाच जायचंय’ असं मीच त्यांना म्हटलं होतं. उतारावर त्यांचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला आणि ते एका घराच्या पायरीवर बसले. आमच्याकडे पाण्याच्या बाटलीखेरीज काही नव्हतं. स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्रापर्यंत पायी जाणारी एक बाई तिथून चालली होती. तिने पाठीवरची पिशवी उतरवून खजूर आणि बिस्किटं काढून दिली. दहा-पंधरा मिनिटांनी बाबा नीट बोलायला लागले.

म्हणून पुन्हा सांगते, डबा. आणि डब्याशिवाय खिशात साखर किंवा गोळ्या-चॉकलेट. मधुमेहाची गोळी घ्यायची ती ताट समोर आल्यावरच. जेवण बाराच्या ठोक्याला उरकून घ्या आणि एकला वर जा, उजेड तुमची वाट बघेल. उपाहारगृहाची जागा राखून ठेवली असली, तरीही डबा हवाच.

शाकाहारी असाल तर आणखी एक कारण. बरगंडीचं जेवण म्हणजे गोगलगायी आणि रेड वाइनमध्ये शिजवलेलं गोमांस. अंडं चालत असेल तरी जपून, कारण रेड वाइनच्या रश्शातल्या अंड्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘भाजीचं’ म्हटलेल्या सॅलडवरही ते विखुरलेले सापडतात. ‘मांस नाही’ एवढंच म्हणून भागत नाही, मासे आणि डुकराचे तुकडे वेगळे नाव घेऊन नाकारावे लागतात. चार वाक्यं फ्रेंचमध्ये कागदावर लिहून न्या. दुकानात शिरताना आधी बोंझूर (नमस्कार) म्हणा, मग काय ते विचारा. आईने ते पहिल्या दुकानापासून पाळलं, आणि लोक तिच्याशी आपण होऊन बोलत होते.

प्रवास. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून सेर्मिझेलपर्यंत गाडीने अडीच तासांच्या आसपास. बेर्सी हे पॅरिसमधल्याच ‘गार द ल्यों’ या मोठ्या स्टेशनाजवळ असलं तरी वेगळं स्टेशन आहे, तिथे चूक करू नका. सेर्मिझेलहून गाव दहाएक किलोमीटर. बस असलीच तर मोजकी, आणि स्टेशनाबाहेर टॅक्सी उभी नसते. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा, जायची आणि यायची दोन्ही.

पायांत जुने, मुरलेले बूट. खालच्या चौकापासून बॅसिलिकेपर्यंत एकच रस्ता आहे, सगळा चढ, आणि बराचसा दगडी. फरसबंदीत सांतियागोच्या यात्रेकरूंच्या वाटेची खूण म्हणून पितळी शिंपले बसवलेत. गुडघे दुखणाऱ्यांना अर्धा तास द्या, मध्ये बसू द्या. आत गारवा असतो, शाल घ्या. दुर्बीण असेल तर जरूर घ्या, कारण पाहण्यासारखं बरंचसं खांबांच्या माथ्यावर कोरलेलं आहे. एका खांबावर एकजण जात्यात धान्य ओततोय आणि दुसरा खाली पीठ गोळा करतोय. ओतणारा मोझेस, गोळा करणारा संत पॉल, बायबलच्या जुन्या करारातून नवा निघतो असा त्याचा अर्थ. आईला तो अर्थ सांगायच्या आधीच जातं ओळखू आलं होतं.

आतल्या मोठ्या दारावरची कोरीव कमान घाईत ओलांडू नका. येशूभोवती शिष्य आहेत आणि कडेने जगाच्या टोकाला राहणारी माणसं : सुपाएवढ्या कानांची, शिडी लावून घोड्यावर चढणारी बुटकी, कुत्र्याच्या तोंडाची. ही कुत्रेतोंडी माणसं भारतात राहतात असं प्राचीन ग्रीक लेखक सांगत. हे सगळं आज उभं दिसतं त्याचं श्रेय वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकला. १८४० मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने ही मोडकळीला आलेली वास्तू सावरायला घेतली. ११४६ च्या ईस्टरला संत बर्नारने ख्रिश्चनांच्या दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रूसेडची) हाक इथेच दिली, हे घरीच वाचून जा, तिथे सांगत बसायला वेळ पुरत नाही.

रोमाँ रोलाँचं घरही त्याच रस्त्यावर आहे. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंदांची चरित्रं लिहिणारे फ्रेंच लेखक रोलाँ १९४४ च्या डिसेंबरमध्ये या गावीच वारले. आता तिथे आधुनिक चित्रांचं संग्रहालय आहे, पिकासो, मिरो वगैरे. आमचं ते राहिलंच, बाबांना घेऊन खाली जायचं होतं. उघडायची वेळ आधी विचारून घ्या.

मुक्काम केलात तर फार बरं, संध्याकाळी गाव रिकामं होतं आणि बॅसिलिकेमागच्या गच्चीवरून क्यूर नदीचं खोरं शांतपणे बघता येतं. रात्रीचं जेवण सातनंतर, जागा सकाळीच सांगून ठेवा. छत्री. थोडी रोख रक्कम. परतीच्या टॅक्सीला सकाळी पुन्हा एकदा फोन.

आणि डबा दोन वेळचा भरा, येतानाच्या गाडीतही खायला काही विकत मिळत नाही.