डचांच्या किल्ल्याचा जुना नकाशा सॅटेलाइटवर बसत नाहीये? या चुका टाळा

मी कोचीच्या डच किल्ल्याचा जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा टाकला तेव्हा अर्धा किल्ला पाण्यात गेला. दोन रात्री सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, आणि चूक निघाली माझी. मी कंट्रोल पॉइंट, म्हणजे जुन्या नकाशावर आणि सॅटेलाइट फोटोवर जुळवायच्या खुणा, किनाऱ्यावरून घेतले होते, आता साडेतीनशे वर्षांत वाळूचा किनारा जागेवर राहील का? बुरुजांचे कोपरे घ्यावेत तर कोचीला तेही नाहीत, इंग्रजांनी १८०६ मध्ये तट पाडून टाकला. शेवटी सेंट फ्रान्सिस चर्च आणि जुन्या गल्ल्यांचे कोपरे धरले तेव्हा कुठे जमलं. शिकायचं असेल तर श्रीलंकेतल्या गॉलपासून सुरुवात करा, तिथे तटबुरूज अजून धडधाकट उभे आहेत.

दुसरी चूक स्केलची, ही सगळेच करतात. नकाशावर ‘रूडे’ हे डचांचं लांबीचं माप लिहिलेलं असतं, ते बघून आपण १२ फूट धरतो आणि इंग्रजी फुटाने गुणतो. पण डचांचा ऱ्हाइनलँडचा फूट ३१.४ सेंमीचा, म्हणजे एक रूडे साधारण ३.७७ मीटर. १०० रूडेंच्या तटाला इंग्रजी फूट लावलात की ११ मीटर गायब, अख्खा रस्ता इकडचा तिकडे! त्यात ॲमस्टरडॅमचा फूट आणखी छोटा आणि त्यांचा रूडे १३ फुटांचा, त्यामुळे स्केलपट्टीशेजारचा शब्द झूम करून वाचाच.

आणि प्लीज, नकाशा बसवायच्या पद्धतींमधली थिन प्लेट स्प्लाइन सुरुवातीलाच लावू नका. ते प्रत्येक पॉइंटवर नकाशा ओढूनताणून बसवतं, एरर शून्य दिसते, आपण खूश, आणि मधला बुरूज रबरासारखा वाकडा झालेला असतो. आधी हेल्मर्ट लावा, ती पद्धत नकाशा न वाकवता नुसता सरकवते, फिरवते आणि लहानमोठा करते; ज्या पॉइंटची एरर मोठी येईल तो परत तपासा.

हे सगळं करूनही बसत नसेल तर नकाशाच खरा आहे का ते बघा. कोपऱ्यात ‘ऑन्टवेर्प’ (डचमध्ये आराखडा) असेल तर तो नुसता प्रस्ताव, तसं बांधकाम झालंच असेल असं नाही. फिंगबोन्स या डच नकाशाकाराची सुंदर रंगीत चित्रं तर मोजायला घेऊच नका, तो गडी ॲमस्टरडॅममध्ये बसून दुसऱ्यांच्या कागदांवरून रंगवत होता.

डच नकाशे शोधताना सर्चमध्ये काहीच येत नाही म्हणणाऱ्यांनो, आजचं स्पेलिंग टाकता ना? आपलं वेंगुर्ला, जिथे या वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार होती, ते डच कागदांत डब्ल्यूने सुरू होतं, ‘विंगुर्ला’. गॉलसाठी ‘पुंतो गाले’ टाकून बघा.