कोकणातल्या घरासाठी स्वस्तातला टीव्ही: घेताना काय बघायचं, लावल्यावर काय जपायचं

टीव्ही घेताना बहुतेक जण आधी साइज ठरवतात, मग ऑफर बघतात आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते टीव्ही बंद पडल्यावर शोधतात. किनाऱ्यालगतच्या गावात हा क्रम उलटा लावावा, असं माझं ठाम मत आहे. पुण्या-मुंबईत दहा-बारा हजारांचा टीव्ही बिघडला तर रिक्षात घालून दुकानात नेता येतो. वेळणेश्वरात किंवा आचऱ्यात राहणाऱ्याला ते जमत नाही. त्यातून इथली खारी हवा, चार महिन्यांची ओल आणि मे-जूनच्या विजा. चित्र किती झकास दिसतं याच्याआधी या गोष्टींचा हिशेब करायला हवा.

पहिलं काम: दुरुस्तीला कोण येणार ते विचारा

दोन-तीन कंपन्या मनात असतील तर दुकानात जाण्याआधी त्यांच्या कस्टमर केअरला फोन लावा. आपला पिनकोड सांगा आणि नेमकं विचारा: "वॉरंटीत बिघाड झाला तर माणूस घरी येतो, की सेट आणून द्यावा लागतो? आणून द्यायचा तर कुठे?" उत्तर 'रत्नागिरी', 'कुडाळ', 'चिपळूण' असं आलं तर ठीक. घाट चढून कोल्हापूरला जायला लागणार असेल, तर वाचलेले हजार रुपये एका फेरीत संपतील.

दुसरी चौकशी तालुक्याच्या बाजारपेठेत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे करा. तो रोज उघडून बघतो, त्यामुळे कुठल्या कंपनीचे बोर्ड आणि बॅकलाइटच्या पट्ट्या मिळतात, हे त्याला पाठ असतं. स्वस्त एलईडी टीव्हीत या पट्ट्या जाणं हा नेहमीचा आजार. आवाज येतो, पडदा मात्र काळा. खोलीत अंधार करून पडद्यावर बॅटरी मारली आणि चित्र पुसटसं हलताना दिसलं, तर पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, शाबूत आहे, फक्त मागचा उजेड (बॅकलाइट) गेलाय असं समजा. ते काम माफक खर्चात होतं. पॅनलच गेला तर खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. म्हणून वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा पॅनलवर किती वर्षांची, हे कार्डावर वाचून घ्या.

साइज आणि चित्र

बसायच्या जागेपासून टीव्हीच्या जागेपर्यंत टेप लावून मोजा. पाच-सहा फूट असेल तर ३२ इंची पुरतो, सात-आठ फुटांच्या पुढे ४३ इंचीचा विचार करा. इंच तिरपे, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. ३२ इंची सेट रुंदीला साधारण ७१ सेंटिमीटर भरतो आणि ४३ इंची ९५ च्या आसपास. भिंतीतल्या जुन्या कोनाड्यात किंवा कपाटाच्या खणात बसवायचा असेल तर हे आकडे लिहून न्या.

चित्राच्या बारकाव्यात एचडी रेडी सगळ्यात खाली, त्यावर फुल एचडी आणि त्यावर फोर-के. ३२ इंचीला एचडी रेडी चालतो, खास करून डिशवरच्या साध्या चॅनेलसाठी. ४३ इंचीला फुल एचडीच्या खाली जाऊ नका. फोर-के स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण त्यासाठी सर्व्हिसवर पाणी सोडू नका. स्वस्त सेटच्या खोक्यावर 'एचडीआर' (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं तंत्र) लिहिलेलं असतं. पडद्याचा उजेडच कमी असल्याने त्याचा फरक डोळ्यांना जवळजवळ जाणवत नाही, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

करामध्येही बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्हींवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. दुकानदार ४३ इंचीची जुनी किंमत दाखवून 'सवलत' म्हणत असेल, तर त्यातली किती कराची आणि किती त्याची, ते विचारा.

पागोळ्यांच्या आवाजात ऐकू येईल का?

हा प्रश्न कुठल्याही जाहिरातीत नसतो. पडवीवर पत्रा असेल तर आषाढातल्या पावसात शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे १६ वॅटचे स्पीकर काय पुरणार! २० वॅटच्या खालचा सेट घेऊ नका. दुकानात आवाज पूर्ण वाढवून बातम्या लावा आणि शब्द फाटतात का ते ऐका. आवाज नुसता मोठा असून उपयोग नाही.

माणसं कुठे बसतात तेही बघा. आमच्याकडे निम्मं घर माजघरात समोर आणि निम्मं पडवीतून तिरपं बघत असतं. पडद्याचे आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार मिळतात. अशा घराला आयपीएस पॅनल बरा. बाजूने बघितल्यावर त्याचे रंग उडत नाहीत. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग जास्त गडद दिसतो, तो अंधाऱ्या खोलीत समोर बसणाऱ्यांसाठी चांगला. सेल्समनला माहीत नसेल तर स्वतः टीव्हीच्या एका बाजूला जाऊन उभे राहा. लगेच कळतं.

बघणार काय: डिश की इंटरनेट

गावात नेट धड नसेल तर डीडी फ्री डिश हा उत्तम मार्ग आहे. एकदा छत्री (डिश) आणि बॉक्सचा खर्च केला की महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री आणि बातम्यांचे चॅनेल त्यात मिळतात. काही टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्युनर, म्हणजे बॉक्सचं काम करणारा भाग, आतच असतो. तो फ्री डिशचे कुठले चॅनेल पकडतो, ते दुकानात लावूनच बघा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे, म्हणजे कोकणातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे येतं. त्या बाजूला माड किंवा फणस आडवा असेल तर छत्रीची जागा आधी शोधा, टीव्ही नंतर घ्या. मुसळधार पावसात 'पाऊस इलो काय डिश गेली' हे चालायचंच. पावसाचे थेंब सिग्नल शोषतात, त्यात टीव्हीचा दोष नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्मार्ट टीव्ही चालवायचा बेत असेल, तर एचडी चित्राला तासाला दीड ते तीन जीबी डेटा जातो. दिवसाला दोन जीबीचा पॅक एका सिनेमातच संपेल. वायफाय असेल तर चिऱ्याच्या जाड भिंतींतून सिग्नल अर्धा होऊन येतो. राउटर त्याच खोलीत ठेवता येतो का बघा. स्मार्ट सेटमध्ये एक जीबी रॅम (ॲप चालवायला लागणारी मेमरी) असेल तर वर्षभरात तो रखडायला लागतो, दोन जीबी असेल तरच स्मार्ट घ्या. नुसती डिश बघणाऱ्या घराला साधा, स्मार्ट नसलेला सेट मिळाला तर तोच घ्यावा. त्यात बिघडायला कमी असतं.

दुकानात

पेनड्राइव्हवर पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं अशी पाच कोरी चित्रं घेऊन जा. काळ्यावर कोपऱ्यांतून उजेड फुटतो का, पांढऱ्यावर डाग दिसतात का, रंगांवर एखादा ठिपका मेलेला आहे का, ते निरखा. 'शोरूम मोड' बंद करून 'होम मोड' लावायला सांगा, खरे रंग तेव्हा दिसतील. सेट फिरवून मागची पट्टी वाचा: बनवल्याचा महिना, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि सीरियल नंबर. हा नंबर खोक्यावर आणि बिलावर तोच हवा.

सूट देऊन विकला जाणारा डिस्प्ले पीस किनाऱ्यावरच्या दुकानातून शक्यतो घेऊ नका. घ्यायचाच झाला तर मागचे स्क्रू बघा. त्यांच्या खाचांत तांबूस गंज किंवा जोडणीच्या पिनांवर हिरवट थर असेल, तर आतल्या बोर्डावरही खार बसला असणार.

घरी नेताना खोकं उभं ठेवा. टेम्पोत आडवं टाकून त्यावर पिशव्या ठेवल्या तर खड्ड्यांत पॅनल तडकतो. मुंबईहून गणपतीला येताना गाडीच्या टपावर बांधून आणणाऱ्यांनी याचा विचार करावाच.

घरात लावताना

पावसाचा मारा ज्या भिंतीवर येतो, ती टाळा. जुलैत त्या भिंतीला आतून ओल येते आणि सेटच्या पाठीला दिवसरात्र दमट हवा लागते. आतली भिंत बघा, मागे चार बोटं हवा खेळू द्या. जांभा ठिसूळ असतो. लहान प्लग त्यात फिरतात, म्हणून लांब अँकर वापरा किंवा भोकात सिमेंट भरून घ्या. मातीच्या भिंतीवर टांगूच नका, टेबल वापरा. नदीकाठी किंवा सखल भागात मात्र टीव्ही उंचावरच हवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणकरांनी काय काय गमावलं ते सगळ्यांना माहीत आहे.

ट्यूबलाइटच्या खाली सेट लावू नका. दिव्याच्या किड्यांना पाली येतात आणि ऊब मिळते म्हणून टीव्हीच्या जाळीतून आत शिरतात. एक पाल सप्लाय बोर्डावर चिकटली की बोर्ड गेला.

विजा

मेच्या उत्तरार्धात वळवाचा पाऊस येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा. दोन्ही गडगडाटासह येतात. अशा वेळी स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग भिंतीतून काढा. त्याचबरोबर छत्रीची वायर बॉक्समधून काढा आणि नेटची वायरही. पुष्कळ जण प्लग काढतात आणि छत्री विसरतात. छपरावरच्या छत्रीतून आलेला झटका बॉक्समधून, चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआयच्या तारेने थेट टीव्हीच्या मुख्य बोर्डात जातो. हे सगळं वीज डोक्यावर यायच्या आधी करायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं. वॉरंटी कार्डात विजेचं, पुराचं आणि व्होल्टेजचं नुकसान सहसा वगळलेलं असतं.

स्टॅबिलायझरने आभाळातली वीज अडत नाही. आजचे बरेच टीव्ही कमी-जास्त व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतात. धोका असतो तो खांबावरची न्यूट्रल (परतीची) तार तुटली तर, तेव्हा घरात चारशे व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. म्हणून वीज गेली की टीव्हीचा प्लग काढा आणि आल्यावर दिवा पाच मिनिटं स्थिर जळला की मगच लावा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा भागात इन्व्हर्टर असेल तर ३२ इंची सेट त्यावर सहज चालतो, तो साधारण ३० ते ५० वॅट घेतो. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, तेवढे दोन सेटचे ताडून बघा.

घर बंद राहणार असेल तर

शिमग्यानंतर कुलूप आणि गणपतीला उघडणं, अशी कितीतरी घरं आहेत. मधला अख्खा पावसाळा टीव्ही न चालता राहतो, आणि तेच त्याला सोसत नाही. रोज तासभर चालणारा सेट स्वतःच्या उबेने आतली ओल घालवतो. शेजारी विश्वासाचे असतील तर आठवड्यातून दोनदा, वीज चमकत नसताना, चालू करायला सांगा. ते शक्य नसेल तर प्लग आणि वायरी काढून सुती चादर घाला. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलात तर ओल आतच कोंडते. गणपतीला दार उघडल्याबरोबर चालू करू नका. खिडक्या उघडा, पंखा लावा, चार-सहा तास सुकू द्या, मग प्लग लावा.

पडदा कोरड्या मऊ कापडाने पुसा. काच पुसायचा फवारा मारू नका, त्याने पडद्यावरचा लेप जातो.

बिल

पक्कं जीएसटी बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या आणि दोन्हींचे फोटो फोनमध्ये ठेवा. पावसाळ्यात कपाटातल्या बिलाची शाई उडते. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही तक्रार सांगता येते. फोन करताना बिल आणि सेटच्या मागचा सीरियल नंबर हाताशी ठेवा.