अर्कचित्र काढताना : नाक मोठं करण्याआधी

इटालियन भाषेत 'कारिकारे' म्हणजे ओझं लादणं. त्यावरून आलेला शब्द कॅरिकेचर. मराठीने त्याला अर्कचित्र म्हटलं, आणि शिकणाऱ्याला हा शब्द जास्त कामाचा आहे. अर्क काढायचा तर बाकीचं उडवून लावावं लागतं. नवशिक्यांची बहुतेक अर्कचित्रं फसतात ती इथेच : नाक मोठं केलं, कान मोठे केले, दात मोठे केले, पण कमी काहीच केलं नाही. सगळंच मोठं झालं की चेहरा पुन्हा होता तसाच.

आपण माणूस ओळखतो तो त्याच्या वेगळेपणावरून. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओळखीच्या लोकांची हुबेहूब रेखाचित्रं आणि अतिशयोक्त रेखाचित्रं दाखवली, तर अतिशयोक्त चित्रं लवकर ओळखली गेली. त्यामुळे काढणाऱ्याचं पहिलं काम वेगळेपण मोजणं. त्यासाठी सर्वसाधारण चेहरा पाठ हवा : डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर, चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांइतकी, दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर. केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे तीन सारखे भाग.

आता फोटो. एक पुरत नाही. समोरून, पाऊण वळलेला, बाजूने आणि हसताना असे निदान चार घ्या. हाताच्या अंतरावरून काढलेली सेल्फी बाद करा. इतक्या जवळून नाक फुगतं आणि कान मागे पडतात, मग तुम्ही माणसाचं नाही, त्या अंतराचं अर्कचित्र काढता. फोटो स्वतः काढायचा असेल तर दीड-दोन मीटर लांब उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. समोरच्या फ्लॅशने गालफडं, डोळ्यांखालची पिशवी, जबड्याची धार सगळं सपाट होतं.

समोरून घेतलेल्या फोटोवर पट्टी लावा. समजा तिन्ही भाग मिळून 9 सेंमी भरले. सर्वसाधारण चेहऱ्यात ते 3-3-3 असते. तुमच्या माणसाचे आले 2.2, 3.9 आणि 2.9. म्हणजे कपाळ 0.8 ने कमी, नाकाचा भाग 0.9 ने जास्त, हनुवटी जवळपास जागेवर. हे फरक दुप्पट करा : कपाळ 1.4, नाक 4.8, हनुवटी 2.8. बेरीज पुन्हा 9. नाक वाढलं ते कपाळाची जागा खाऊन, म्हणूनच ते लांब दिसतं. सुरुवातीला एवढंच पुरे. तिप्पट-चौपट नंतर, आणि तेही एकाच गोष्टीचं. रुंदीतही हेच करा : डोळ्यांमधलं अंतर, जबडा, जिवणी.

मोजमाप झाल्यावर फोटो डोकं खाली येईल असा उलटा ठेवा आणि डोक्याचा बाहेरचा आकार पाहा. विटेसारखा? अंड्यासारखा? 1831 साली पॅरिसमध्ये शार्ल फिलिपाँ या व्यंगचित्रकारावर फ्रान्सचा राजा लुई-फिलीप याच्या चित्रावरून खटला झाला. त्याने कोर्टातच चार चित्रं काढली. राजाचा चेहरा टप्प्याटप्प्याने नासपती होत गेला. शिक्षा व्हायची ती झालीच, पण पुढे नुसती नासपती काढली तरी लोक राजा ओळखू लागले. वर निमुळतं डोकं, खाली भरलेले गाल, एवढ्यावर ते उभं होतं. तुमचा आकारही असा एका दमात सांगता आला पाहिजे. अंगठ्याएवढी दहा-बारा कच्ची रेखाटनं करा, प्रत्येकाला अर्धा मिनिट. डोळ्यांच्या पापण्या काढत बसलात तर आकार हातून गेलाच म्हणून समजा.

एक सावधगिरी. टिळकांची पगडी, गांधीजींचा चष्मा, इंदिरा गांधींच्या केसांतला पांढरा पट्टा ही तयार खूण असते आणि ती आयतं साम्य देते. पगडीवर बोट ठेवून बघा, खाली टिळक उरतात का? नाही उरले तर काम अर्धवट आहे. गांधीजींच्या बाबतीत चष्मा वगळला तरी बाहेर आलेले कान आणि मिशीखालची आत ओढलेली जिवणी पुरते. आणि आजाराने किंवा अपघाताने आलेलं व्यंग, कातडीचा रंग यांना हात लावू नका. त्यात माणसाचा स्वभाव नसतो, मग अर्क कशाचा काढणार?

शाईसाठी 150 जीएसएमच्या (कागदाचं वजन, ग्रॅम दर चौरस मीटर) पुढचा, गुळगुळीत कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या. झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते, रेषेला केस येतात. टाकाच्या नव्या निबवर गंजू नये म्हणून लावलेला तेलकट थर असतो. स्पिरिटच्या फडक्याने पुसा, नाहीतर शाई निबवर थांबतच नाही, थेंब होऊन टपकते. वॉटरप्रूफ काळी शाई वापरत असाल तर दर काही मिनिटांनी निब पाण्यात धुवा. वाळलेली शाई फटीत अडकली की रेषा तुटते.

पेन्सिलची रेघ गिरवू नका. गिरवलेली रेषा भीतभीत चालते आणि ते दिसतं. लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणारी पेटी) किंवा दिवसा खिडकीच्या काचेवर कच्चं चित्र खाली ठेवून कोरी रेषा ओढा. लांब वळण खांद्यातून, बारीक काम मनगटातून. कागद हवा तसा फिरवत राहा. निब नेहमी स्वतःकडे ओढा, पुढे ढकलली तर टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात. जबडा, नाकाची खालची बाजू, भुवई इथे दाब वाढवा, कपाळावर रेषा हलकी ठेवा. शाई दिसायला लगेच वाळते, पण जाड ठिकाणी ओली राहते. निदान अर्धा तास थांबा, मगच खोडरबर.

छपाईसाठी चित्र दीडपट मोठं काढा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीत मोकळी जागा जास्त ठेवा, नाहीतर गालावरची छटा छापून आल्यावर काळा डाग होते. स्कॅन 600 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 600 ठिपक्यांनी करा.

शेवटी चित्र आरशात पाहा. कललेला डोळा किंवा घसरलेला जबडा तिथे लगेच सापडतो. मग नाव न सांगता एखाद्याला दोन सेकंद दाखवा. 'कोण आहे हे?' असा प्रश्न आला तर नाक आणखी वाढवू नका. आधी जे वाढलेलं नको होतं ते शोधा आणि कमी करा.