ख्रिस्ती घरातील बोलणे: आशीर्वाद, क्षमायाचना आणि सांत्वन

जीवन आणि मरण जिभेच्या अधीन आहे, हे बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकातील (१८:२१) वचन आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत वारंवार ऐकू येते. अलीकडे त्याचा अर्थ अनेक ठिकाणी असा लावला जातो की, आजारी माणसाने ‘मी बरा झालो आहे’ असे पुन्हा पुन्हा उच्चारले की तो बरा होतो आणि बेकार माणसाने ‘नोकरी मिळाली’ असे जाहीर केले की ती मिळते. मला हा अर्थ मान्य नाही, कारण नुसत्या शब्दाने नसलेले अस्तित्वात आणणे हे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देवाचे काम आहे. त्याच नीतिसूत्रांत सौम्य उत्तराने राग शमतो (१५:१), अविचारी बोलणे तलवारीसारखे भोसकते (१२:१८), कानगोष्टी करणाऱ्यामुळे मित्रांत फूट पडते (१६:२८) असे जे सांगितले आहे, ते सारे समोरच्या माणसाशी होणाऱ्या बोलण्याविषयी आहे. तेव्हा परिस्थितीला हुकूम कसा सोडावा हे शिकण्याऐवजी घरातल्या आणि मंडळीतल्या माणसांशी काय व कसे बोलावे, हे शिकणे अधिक गरजेचे आहे.

आरंभ स्वतःचे बोलणे ऐकण्यापासून करावा. दिवसभर जिभेवर पहारा ठेवण्याचा निश्चय सहसा दुपारपर्यंतही टिकत नाही, म्हणून एकच ठरावीक वेळ निवडावी. माझ्या मते रविवारची उपासना संपल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ यासाठी सर्वांत योग्य आहे. ज्या तोंडाने आपण देवाचा धन्यवाद करतो त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसांना शाप देतो, हे याकोबाच्या पत्रातील म्हणणे (३:९-१०) याच वेळेत अक्षरशः खरे ठरते: शेवटचे गीत संपते आणि पाळकांचा उपदेश किती लांबला, कोण उशिरा आले, कोणाच्या मुलीचे लग्न का मोडले, याची चर्चा सुरू होते. घरी पोहोचल्यावर आपण काय काय बोललो ते आठवावे आणि ‘माझ्या मुखावर पहारा ठेव’ या अर्थाची १४१व्या स्तोत्रातील विनंती स्वतःसाठी करावी.

यातील सर्वांत फसवा प्रकार म्हणजे प्रार्थनेच्या विनंतीचे रूप घेऊन येणारी निंदा. ‘अमक्या भावांसाठी प्रार्थना करा, ते पुन्हा पिऊ लागले आहेत’ हा निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर पडला की काही मिनिटांत सर्व मंडळीला बातमी कळते आणि पाठवणाऱ्याला मात्र आपण सेवा केली असे वाटते. अशी विनंती पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात: ही गोष्ट इतरांना सांगण्याची परवानगी त्या व्यक्तीने दिली आहे का, आणि ती व्यक्ती समोर उभी असती तर हेच वाक्य याच शब्दांत बोलता आले असते का? दोन्ही उत्तरे ‘होय’ नसतील तर प्रार्थना एकट्याने करावी. नाव गाळून ‘एका कुटुंबासाठी’ असे लिहिण्याचाही उपयोग नसतो, कारण लहान मंडळीत ते कुटुंब कोणते हे सर्वांना ठाऊकच असते. ज्याने आपला अपराध केला आहे त्याच्याकडे आधी एकट्याने जावे, असे प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे, आणि तेथेही पहिली पायरी गट नसून भेट आहे.

आता आशीर्वादाविषयी. पाळकाने उपासनेच्या शेवटी उच्चारलेला आशीर्वाद आपण मान लववून स्वीकारतो, पण आईवडिलांनी मुलांना मोठ्याने आशीर्वाद देण्याची रीत पुष्कळ ख्रिस्ती घरांत राहिलेली नाही. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून याजक अहरोनाचा आशीर्वाद (गणना ६:२४-२६) म्हणतात, आणि आपणही तेथूनच सुरुवात करू शकतो. रात्री झोपण्यापूर्वी किंवा मूल शाळेला निघताना त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, त्याला नावाने हाक मारावी आणि देव तुझे रक्षण करो, तुझ्यावर कृपा करो, तुला शांती देवो, एवढेच त्याच्याकडे पाहत म्हणावे. आशीर्वादात उपदेश मिसळू नये. ‘देव तुला सद्बुद्धी देवो, म्हणजे तुझा मोबाइल सुटेल’ हे मुलाला टोमण्यासारखेच ऐकू येते. ज्या दिवशी मुलाला रागावलो त्या दिवशी तर आशीर्वाद चुकवूच नये, कारण तो चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही, हे मुलाला त्याच दिवशी कळते. मोठ्या मुलांना डोक्यावरचा हात संकोचाचा वाटतो. त्यांना दारात निरोप देताना एक वाक्य पुरे होते, आणि परदेशी असलेल्या मुलांना तेच वाक्य फोन ठेवण्यापूर्वी म्हणता येते.

भाषा मात्र आपल्या घरातलीच असावी. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतरासाठी दिली, ती सामान्य स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीसाठीच. जे वसईत घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात त्यांनी त्याच बोलीत आशीर्वाद द्यावा.

क्षमा मागण्याचे काम याहून अवघड आहे, म्हणून ते आपण बहुधा ‘चुकलंच जरा’ एवढ्यावर उरकतो. नीट क्षमा मागायची तर कृत्याचे नाव घ्यावे: ‘काल पाहुण्यांसमोर मी तुझा अपमान केला, ते चुकीचे होते, मला क्षमा कर.’ त्यात ‘तुला वाईट वाटले असेल तर’ हे शब्द नसावेत आणि ‘पण’ तर मुळीच नसावे. अपमान ज्यांच्यासमोर झाला, क्षमाही त्यांच्यासमोरच मागावी. मुलांसमोर पत्नीला बोललेला नवरा स्वयंपाकघरात हळूच माफी मागतो, तेव्हा मुलांच्या कानांत अपमानच तेवढा राहतो. समोरच्याने लगेच क्षमा करावी असा आग्रह धरण्याचा अधिकार क्षमा मागणाऱ्याला नसतो. जेथे मारहाण होते अशा घरांत ‘त्याने माफी मागितली ना, आता विसरून जा’ असा दबाव पाळकांनी किंवा वडीलधाऱ्यांनी कधीही आणू नये. तेथे आधी त्या स्त्रीची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी.

शोकाच्या घरी शब्द सर्वांत कमी लागतात आणि नेमके तेथेच आपण सर्वांत जास्त बोलतो. बायबलमधील ईयोबाने सारे काही गमावल्यावर त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री काही न बोलता जमिनीवर बसले, तोपर्यंत त्यांचे ठीक चालले होते. त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागल्यावर ते बिघडले, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला (४२:७). म्हणून ‘चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात’, ‘रडू नका, ते प्रभूजवळ आहेत’ ही वाक्ये टाळावीत. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असलेला येशूही त्याच्या कबरेकडे जाताना रडला. आत गेल्यावर शेजारी बसावे, मृत व्यक्तीचे नाव घेऊन तिची आपल्याला माहीत असलेली एखादी खरी आठवण सांगावी, घरच्यांची इच्छा असेल तरच तेविसावे स्तोत्र वाचावे आणि प्रार्थना दोन-तीन वाक्यांत संपवावी. नंतर महिन्याभराने, पाहुण्यांची ये-जा थांबलेली असते तेव्हा, पुन्हा एकदा जावे आणि त्या वेळी बोलण्याचे काम घरच्यांकडे सोपवावे.