नामिबियाला सेल्फ ड्राइव्ह करताय? प्लॅन करताना या चुका टाळा

नामिबियाचे जे प्लॅन लोक दाखवतात त्यात बहुतेक वेळा एकच घोळ असतो, आठ दिवसांत राजधानी विंडहुक, वाळूच्या टेकड्यांचं सोसुसव्लेई, किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड, प्राण्यांसाठीचं एटोशा नॅशनल पार्क आणि वर फिश रिव्हर कॅनियन ही दरी पण कोंबलेला. अहो, हा देश महाराष्ट्राच्या अडीच पटीहून मोठा आहे आणि लोकसंख्या जेमतेम ३० लाख, त्यामुळे मधे शेकडो किलोमीटर गाव नाही, गॅरेज नाही. कॅनियन पार दक्षिणेला, एटोशा पार उत्तरेला. पहिल्यांदाच जाताय तर दक्षिण सरळ सोडून द्या, उरलेल्या ठिकाणांना दहा-अकरा दिवस द्या आणि विंडहुक सोडून प्रत्येक ठिकाणी दोन रात्री तरी राहा.

दुसरी चूक म्हणजे मॅपवरच्या वेळेवर विश्वास ठेवणं. विंडहुक ते सेस्रीम (सोसुसव्लेईचं गेट इथेच आहे) साधारण ३५० किमी, पण त्यातला मोठा भाग खडीचा, तिथे ८० च्या वर जायचंच नाही, सरकारी लिमिट जास्त असली तरी नाही. तिकडचे बरेचसे अपघात कोणी येऊन धडकल्यामुळे नाही तर आपलीच गाडी घसरून उलटल्यामुळे होतात. गाडी घसरायला लागली तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि तिला आपोआप हळू होऊ द्या. गाडी ताब्यात घेतानाच दोन स्टेपनी मागा, जॅक आणि पाना आहे ना बघा, इन्शुरन्समध्ये टायर आणि काच धरलीय का ते विचारा. पंप दिसला की टाकी फुल, अर्धी असली तरी. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं म्हणजे पोचायचं, रात्री कुडू, ओरिक्स अशी मोठी हरणं रस्त्यावर येतात आणि बऱ्याच रेंटलवाल्यांचा विमा गावाबाहेर रात्री झालेल्या अपघाताला लागू होत नाही.

सोसुसव्लेईत लोक पैसे वाचवायला गेटबाहेर राहतात, मला हे पटत नाही. पार्कच्या आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेरच्यांना सूर्योदयालाच, आणि गेटपासून सोसुसव्लेईच्या मोठ्या टेकड्या साधारण ६० किमी आत आहेत, म्हणजे ती पहिली लाल किरणं हुकलीच! तो रस्ता डांबरी आहे पण शेवटचे ५ किमी भुसभुशीत वाळू, तिथे फोर बाय फोरच लागते. नसेल तर शटल घ्या, उगाच हिंमत करू नका. गाडी रुतलीच तर रेस करत बसायचं नाही, चाकं अजून खाली जातात. टायरमधली हवा २० पीएसआयच्या आसपास आणा, चाकांसमोरची वाळू हाताने काढा, मग हळूहळू बाहेर काढा आणि डांबरीवर आल्यावर हवा परत भरायला विसरू नका.

समुद्रकिनारा म्हटला की आपल्याकडे सगळे गोव्यासारखं पॅकिंग करतात. स्वाकोपमुंडला बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो, पाणी गारठवणारं, सकाळी दाट धुकं, ऐन उन्हाळ्यातही जॅकेट लागतं. तिथे पोहायला नाही तर वॉल्व्हिस बेचे फ्लेमिंगो आणि सँडविच हार्बरला थेट समुद्रात उतरणारी वाळवंटाची भिंत बघायला जायचं. एटोशासाठी जुलै ते ऑक्टोबर उत्तम, पाणी आटलेलं असतं म्हणून प्राणी पाणवठ्यावर येतातच, पार्कमधल्याच ओकाउकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर तर रात्री लाइट असतात, तिथे नुसतं बसून राहा. जुलैत रात्री मात्र कडाक्याची थंडी. तिकडच्या पावसाळ्यात (साधारण नोव्हेंबर ते एप्रिल) गेलात तर मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

कागदपत्रांत व्हिसाचे नियम २०२५ च्या एप्रिलपासून बदललेत, त्यामुळे जुने अनुभव वाचून तिकीट काढू नका, सरकारी साइटच बघा. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताय आणि मधे बाहेर पडून फिरायचा विचार आहे तर यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट त्यानंतरच चालू होतं. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही काढा, गाडी तिकडेही डावीकडूनच चालवतात ही एक सोय.

पैशांचं एक लक्षात ठेवा, दक्षिण आफ्रिकेचा रँड नामिबियात सगळीकडे चालतो पण नामिबियन डॉलर जोहान्सबर्गला कोणी घेत नाही, तेव्हा परतीच्या आदल्या दिवशी उरलेल्या नोटा पेट्रोलमध्ये संपवा.