जॉयस्टिक आणि ट्रिम: सिम्युलेटरमधल्या या चुका टाळा

जुहूच्या 26 नंबरच्या धावपट्टीवरून सेसना 172 उचलायची, समुद्र लागला की डावीकडे वळायचं आणि सी लिंक डाव्या अंगाला ठेवून अलिबाग गाठायचं. ही सिम्युलेटरमधली माझी आवडती फेरी. पण सुरुवातीला वरळी येईपर्यंतच मनगट भरून यायचं. विमान सरळ ठेवायला जॉयस्टिक सतत दाबून धरावी लागे. काठीच खराब आहे असं समजून लॅमिंग्टन रोडला नवी बघूनही आलो. ती घेतली नाही हे बरं झालं, कारण मला ट्रिमच, म्हणजे काठी दाबून न धरता नाक हवं तिथे ठेवणारी सोय, लावता येत नव्हता.

खऱ्या सेसनात शेपटीकडच्या एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या फळीच्या) मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. कॉकपिटमधलं ट्रिमचं चाक फिरवलं की ती वर-खाली होते. पट्टी खाली गेली की हवा एलेव्हेटरला वर ढकलते आणि नाक वर राहतं. वैमानिकाच्या हातावरचा जोर उतरतो, पण योक (हातातलं स्टिअरिंग) जिथे होता तिथेच थांबतो. घरच्या जॉयस्टिकमध्ये मात्र स्प्रिंग असते आणि तिला ट्रिमचा पत्ताच नसतो. हात सोडला की काठी मध्यावर येते. म्हणून सिम्युलेटर सरळ बेरीज करतं: काठीचा कल अधिक ट्रिम. (फोर्स फीडबॅकवाल्या काठीची गोष्ट वेगळी, तिचा मध्यच सरकतो.)

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपण काठी मागे ओढून धरतो आणि ती तशीच ठेवून ट्रिमचं बटण दाबतो. दोन्हींची बेरीज होऊन नाक आकाशाकडे जातं. घाबरून काठी पुढे लोटतो, ट्रिम उलटा करतो, आणि विमान झोके घेऊ लागतं. चाळीच्या जिन्यातून कपाट उतरवताना वरचा माणूस भार जसजसा घेतो तसतसा खालचा हात सैल करतो ना, तसं करायचं. आधी काठीनेच नाक हवं तिथे आणा. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) ठरवा आणि वेग स्थिर होईपर्यंत थांबा, घाई इथेच नडते. मग ट्रिमचे एक-दोन टिचके द्या आणि तेवढीच काठी ढिली सोडा. नजर क्षितिजावर ठेवा. नाक न हलता काठी मध्यावर आली की झालं. उरलेला बारीक फरक हात सोडून काढायचा.

ट्रिमने विमान चालवू नका. चढ-उताराच्या काट्यामागे बटण दाबत पळणारे पुष्कळ दिसतात. तो काटा उशिरा हलतो, त्यामुळे तुम्ही कायम मागेच राहता. ट्रिम मुख्यतः वेग धरून ठेवतो. 90 नॉट्सला ट्रिम करून थ्रॉटल वाढवलात तर विमान जवळपास त्याच वेगाने चढू लागेल. म्हणून वेग बदलला की ट्रिम पुन्हा बघायचा. 172 मध्ये फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) सोडताच नाक वर उसळतं. ते आधी काठीने दाबा, ट्रिम नंतर.

बटण दाबूनही काहीच होत नसेल, तर दोष बहुधा सेटिंगमध्ये असतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ट्रिमच्या मूळ कळा नंबर पॅडवरच्या 7 आणि 1 आहेत. छोट्या लॅपटॉपवर तो पॅडच नसतो. काठीवरची दोन बटणं नेमून द्या, पण तीच बटणं कॅमेऱ्यालाही जोडलेली नाहीत ना, हे पाहा. स्लायडर (सरकवायची कळ) आणि बटण दोन्ही ट्रिमला दिलेत तर स्लायडर जरा थरथरला तरी बटणाची मेहनत पुसली जाते. एकच ठेवा.

ट्रिम नीट लावूनही नाक सरकत असेल तर सेटिंगमध्ये अक्षाचा, म्हणजे काठी किती कलली आहे त्याचा, आकडा बघा. काठीला हात न लावता तो उड्या मारत असेल, तर काठीचा कल मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर बहुधा धुळीने किंवा वापराने झिजलेला आहे. थोडा डेड झोन (मध्याजवळची बारीक हालचाल सोडून देणारी सेटिंग) देऊन वेळ निभावता येते.

उड्डाणाआधी ट्रिम टेकऑफच्या खुणेवर आणायची सवय ठेवा. बोइंग 737 मध्ये तो हिरव्या पट्ट्यात नसेल तर टेकऑफसाठी थ्रॉटल पुढे केल्यावर भोंगा वाजतो. ऑटोपायलट चालू असताना ट्रिमला हात लावू नका, तो स्वतःच ट्रिम करत असतो. एअरबस ए320 तर हाताने उडवतानाही, सगळं ठीक असेल तर, हवेत स्वतःच ट्रिम करतं. तिथे बटण शोधत बसलेले मित्र मी पाहिलेत.

आणि जुहूवरून हेलिकॉप्टर काढणार असाल (तिथे वर्दळ त्यांचीच), तर ट्रिमचं बटण दाबून सोडल्यावर काठी लगेच मध्यावर येऊ द्या, कारण तिथे काठीचा त्या क्षणीचा कलच ट्रिम होतो. ती तशीच ओढून धरलीत तर कल दुप्पट होऊन हेलिकॉप्टर उलटं पडेल. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधल्या काही हेलिकॉप्टरमध्ये यासाठी वेगळा पर्याय आहे: काठी मध्यावर येईपर्यंत सिम्युलेटर तिच्याकडे लक्षच देत नाही. स्प्रिंगची काठी असेल तर तो आधी चालू करा.